कुतुबुद्दीनचाचांची कोरी पानं

६ जानेवारी, सोमवार

आज वाचनालयात गेले आणि चपला काढायच्या जागी बालविभागाचं कपाट उभं दिसलं. काचेचं एक दार निखळलेलं, वरच्या फळीवर कुणाचं तरी हेल्मेट. हेल्मेट उचलून जमिनीवर ठेवलं आणि आत गेले.

ग्रंथपाल अनुजा मान खाली घालून बसली होती. मुलगी चांगली आहे, पण तिच्या अंगात भांडण नाही. म्हणाली, "मॅडम, मला विचारू नका. अध्यक्ष आत आहेत."

अध्यक्ष म्हणजे उदयसिंह. शिवाजी पेठेत सिमेंट आणि सळीचं दुकान आहे. हा माणूस चड्डीत फिरत होता तेव्हापासून मी या वाचनालयाची सभासद आहे, म्हणून मला काकू म्हणतो आणि म्हणूनच माझं ऐकत नाही.

"काकू, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना बसायला जागा न्हाय. त्या खोलीत अभ्यासिका करतोय. ठराव झालाय."

"आणि कपाट?"

"ठिवू की कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे चपलांत?"

"काकू, बालविभागात वर्षभरात कोण आलंय, इचारा अनुजाला."

अनुजाची मान आणखी खाली गेली.

मी म्हटलं, मुलं येत नाहीत कारण तुम्ही त्यांना बोलावत नाही. मी बोलावते. दर शनिवारी संध्याकाळी वाचून दाखवते.

"वाचा की. फेब्रुवारीत बैठक हाय. तवर खोली भरून दाखवा, ठराव मागं घेतो. न्हाय भरली तर मात्र बोलायचं न्हाय."

हे तो अशा सुरात म्हणाला की शनिवारपर्यंत माझे गुडघे दुखायला लागतील याची त्याला खात्री असावी. गुडघे दुखतातच. त्याला कशाला सांगू?

७ जानेवारी, मंगळवार

हंबीररावांना सांगितलं. ते मॅचला निघाले होते. निवृत्तीनंतर नवऱ्याला दोनच गोष्टी उरल्या आहेत, तालमीची फुटबॉल टीम आणि रक्तदाब, आणि पहिलीमुळे दुसरा.

"शनिवारी? बाईसाहेब, सीझन चालू हाय. पोरं ग्राऊंडवर असत्यात."

"एखादं तरी येईल."

"पेठेतल्या पोराला दोन पुस्तकं दिलीसा तर त्याचा गोलपोस्ट करंल."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात घालवली. तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस ओरडत असतानाही जोडणी करून देणं हेच माझं काम होतं. पेठेतली मुलं त्याहून काय वाईट असणार?

११ जानेवारी, शनिवार

तीन आली.

तोहिद आणि पृथ्वीराज हे दोघं थंड पाण्याच्या मशीनसाठी आले होते. फरहीन नावाची मुलगी शिकवणी सुरू होईपर्यंत वेळ काढायला आली होती. मी तिघांनाही ताठ बसायला सांगितलं. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आम्हाला बसवायच्या तसं.

कपाटातून सरळ तेच पुस्तक काढलं, 'दीपगृहातली दुर्गी'. निळ्या कापडाचा कणा अजून घट्ट आहे. बायंडिंग आमच्या गल्लीतल्या कुतुबुद्दीनचाचांच्या हातचं. समुद्रातल्या खडकावरच्या दीपगृहात राखणदाराची मुलगी राहते. बाप तापाने फणफणलेला, वादळ जवळ येतंय, आणि मुलींनी वर जायचं नाही असा बापाचा नियम. वर जायला गोल गोल लोखंडी जिना.

"आज्जी, खडकावर फुटबॉल कुठं खेळत्यात?" तोहिदने विचारलं.

"खेळत नाहीत."

"मग करत्यात काय दिसभर?"

प्रश्न वाजवी होता. मी पुढे वाचत राहिले. वादळाचा पहिला ढग आला तेव्हा बाहेरून मुलांनी "ए तोह्या!" अशी हाक मारली. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथेच उभा राहिला. धडा संपल्यावर गेला.

फरहीनची शिकवणी मात्र बुडाली. तिची आई मला फोन करणार आहे म्हणे. करू दे.

१२ जानेवारी, रविवार

काल रात्री झोपताना वाटलं, हे सगळं कुठेतरी लिहून ठेवावं. माणसं विचारतात, "तुम्हाला वाचनाची आवड कॉन्व्हेंटमुळे लागली असणार." मुळीच नाही. कॉन्व्हेंटने मला स्पेलिंग, ताठ पाठ आणि राग दिला. शाळेत मराठी बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवत. त्यामुळे आठव्या वर्षी मी इंग्रजी फाडफाड वाचायची आणि मराठी ओळीपुढे अडेलतट्टू घोड्यासारखी थांबायची.

वाचक झाले ती कुतुबुद्दीनचाचांच्या सोप्यात. चाचा वाचनालयाचे बायंडर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी घर. फाटकी पुस्तकं पोत्यातून त्यांच्याकडे यायची, शिवून, कापडी कणा लावून परत जायची. मधे जे चार-आठ दिवस पुस्तकं घरात असत तेवढ्यात त्यांची मुलगी जुलेखा ती मला वाचून दाखवायची. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्युनिसिपालिटीच्या शाळेतली, आवाज कर्ण्यासारखा. मी तिच्यासमोर पातेल्यातली खळ ढवळत बसायची. कणकेची खळ, चिकटवायला. ती भिंतीला टेकून पुस्तक तोंडापुढे धरायची, आणि माझ्या बाजूला फक्त पुठ्ठा.

'दुर्गी'चा शेवट मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. दुर्गी नियम मोडून जिना चढते, दिवा लावते, रात्रभर लावून धरते. सकाळी लाँचमधून सरकारी साहेब येतो. विचारतो, "इथला राखणदार कोण?" बाप अंथरुणातून उठायला बघतो. दुर्गी पुढे होते आणि म्हणते, "मीच. सही कुठं करायची?"

एक्स्चेंजच्या मुलाखतीला मला विचारलं, रात्रपाळी कोण करणार, तुम्ही बाईमाणूस. मी हेच म्हटलं. सुपरवायझरच्या खुर्चीसाठी तिघे पुरुष रांगेत असताना हेच म्हटलं. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी सासरची अर्धा डझन माणसं एकमेकांकडे बघत होती, तेव्हा डॉक्टरला हेच म्हटलं.

आणि वाचनात तर ती मुलगी माझ्या मानगुटीवर बसली ती बसलीच. ज्या कादंबरीत शेवटी बाई माफी मागते ती मी दुसऱ्या दिवशी परत करते. अनुजाला आता सवय झाली आहे. ती पुस्तक घेते आणि विचारते, "माफी मागितली?"

एक गंमत. अजूनही मनातल्या मनात वाचताना जो आवाज येतो तो माझा नाही. कुणाचा, ते कधी शोधलं नाही. इंग्रजी कादंबरीतली लॉर्डची बायकोसुद्धा माझ्या डोक्यात "व्हय की" म्हणते. वय झालं, दुसरं काय.

१८ जानेवारी, शनिवार

आज खोलीचा एक कोपरा भरला. तोहिदने अर्धी टीम आणली, कारण सामना सकाळी होता आणि हरले होते. हरलेली मुलं चांगली ऐकतात.

दुर्गी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी आहे तिथे मी पुस्तक मिटलं.

"ओ आज्जी! फुडं?"

"पुढच्या शनिवारी."

"तोंडी सांगा की. थोडंच."

"तोंडी नाही. पुस्तकात जे छापलंय ते छापलंय तसं वाचायचं. गप्पा मारायच्या तर कट्टा आहे."

फरहीनच्या आईचा फोन आला. भांडायला नाही. तिचं म्हणणं, पोरगी घरी जिन्यावर उभी राहून काहीतरी बडबडते, जिना चढत नाही आणि उतरतही नाही, तर पुढच्या शनिवारी संपवा.

२५ जानेवारी, शनिवार

संताप!

खोली निम्मी भरलेली. मुलांच्या दोघी आयाही आलेल्या. दुर्गी जिना चढून वर पोचली, वारा काचा फोडतोय, तिने काडीपेटी उघडली. मी पान उलटलं. कोरं. पुढचं कोरं. त्याच्या पुढचंही कोरं, आणि मग पुठ्ठा.

कुणी तरी शेवटची पानं फाडून नेली आहेत! माझ्या दुर्गीचा शेवट!

अनुजा म्हणाली, "मॅडम, फाडलेली असती तर कोरी कशी असती? ही तर शिवलेलीच आहेत." मी तिला म्हटलं, तुला चोरांची अक्कल माहीत नाही.

मुलं ओरडायला लागली. "तुमाला म्हाईत हाय न्हवं? सांगा की!" माहीत तर आहेच. पण मी भर वर्गात नियम केला होता, छापलेलं तेच वाचायचं. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी दुसरी प्रत आणते. तोहिद म्हणाला, "म्हंजे काडी पेटलीच न्हाय?"

पेटली रे बाबा. पेटली.

२८ जानेवारी, मंगळवार

अनुजाने फोनाफोनी करून प्रत शोधली. जयसिंगपूरच्या एका शाळेच्या ग्रंथालयात आहे. तिला सुट्टी मिळेना, म्हणून मीच एसटीने गेले. गर्दीत उभी राहून गेले. आनंदात होते.

शाळेतल्या बाईंनी पुस्तक हातात दिलं. मी तिथेच बाकावर बसून शेवट उघडला.

दुर्गी काडी पेटवते. वाऱ्याने विझते. दुर्गी बेशुद्ध पडते. मुंबईहून सुट्टीला आलेला तिचा मामेभाऊ धावत जिना चढतो आणि तो दिवा लावतो. सकाळी दुर्गी बापाच्या पायाशी बसून रडते. "बाबा, तुम्हाला विचारल्याशिवाय मी पुन्हा जिना चढणार नाही." बाप तिच्या डोक्यावरून हात फिरवतो. समाप्त.

साहेब नाही. लाँच नाही. सही नाही.

त्या बाईंनी मला पाणी दिलं. बहुतेक माझा चेहरा बघून.

३० जानेवारी, गुरुवार

माझा निष्कर्ष असा. प्रकाशकाने नंतरच्या आवृत्तीत शेवट बदलला. कुणातरी मिशाळ शिक्षणाधिकाऱ्याने आक्षेप घेतला असणार की मुली बिघडतील. बिघडायलाच हव्यात. मी दोन पानी पत्र लिहिलं. अनुजाने सांगितलं की ते प्रकाशन केव्हाच बंद पडलं. मग पत्र कुणाला पाठवू?

शिवाय ती म्हणाली, "मॅडम, दोन्ही प्रती एकाच सालच्या, एकाच छापखान्यातल्या आहेत. पानं फक्त आपल्या प्रतीत कमी आहेत."

"मग माझ्या वेळी वेगळी प्रत असेल."

"वाचनालयात या पुस्तकाची एकच प्रत होती. दाखल नोंदवही बघा."

"अनुजा, मी ती पानं उलटताना माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. जुलेखा वाचत होती आणि उलटत होती. एकेक पान. कोऱ्या कागदाला कुणी उलटतं का?"

अनुजा रजिस्टर लिहायला लागली. हल्लीच्या मुली वाद अर्धवट सोडून देतात.

तिने जयसिंगपूरच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आहेत, आपल्या प्रतीत चिकटवायला. मी म्हटलं, हात लावू नकोस. मला साक्षीदार आणू दे.

१ फेब्रुवारी, शनिवार

वाईट गेला. 'दुर्गी' बाजूला ठेवून मी हत्तीची एक गोष्ट वाचली. हत्ती त्यांना नको होता. अर्धी मुलं मधूनच उठून गेली. उदयसिंह दारात आला, मोबाईलवर खोलीचा फोटो काढला आणि गेला. फोटोत रिकाम्या सतरंज्याच जास्त आल्या असतील.

जाताना फरहीनने विचारलं, "आज्जी, ती मेली काय? म्हणून वाचत न्हाईसा?"

मी तिची चप्पल शोधायला लागले. छापलेलं वाचलं तर माझ्या तोंडून मामेभाऊ दिवा लावतो. पाठ असलेलं सांगितलं तर तो शेवट कुठे आहे, असं उद्या कुणी विचारलं तर काय दाखवू?

मंगळवारी कबनूरला जुलेखाकडे जाते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं आजच लिहिते, नाहीतर उद्या मी त्यात माझं काहीतरी घालीन.

जुलेखाच्या मुलाचे यंत्रमाग आहेत. खाली माग, वर घर. त्या खडखडाटात हयात गेल्याने ती नेहमीच ओरडून बोलते. तशी आधीही ओरडायचीच. ईदला, दिवाळीला फोनवर ओरडणं होतं, पण घरी जाणं बऱ्याच वर्षांनी झालं.

"नंदे! मेलीबिली हुतीस काय गं?" हे स्वागत. "हुस्ना, च्या टाक! साखर जादा टाक, हिच्या जिभेला लागत्या!" हुस्ना म्हणजे तिची नातसून.

मी दोन्ही पुस्तकं तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, चहा नंतर. तू साक्षीदार आहेस. हे तू मला वाचून दाखवलंस. शेवटी काय होतं ते सांग.

तिने आपल्या वाचनालयाची प्रत उचलली. उघडली नाही. आधी कण्यावरून अंगठा फिरवला. "अब्बाची शिवण हाय. बघ, अजून दोरा हलंना." मग मागची पानं उघडली, त्या कोऱ्या पानांकडे बघितलं आणि हसायला लागली. इतकी हसली की हुस्ना आतून धावत आली.

"ह्यात काय हुतं म्हणून इचारत्यास? ह्यात कायच नव्हतं की!"

"म्हणजे?"

"पानं नव्हतीच गं. पोत्यातनं आलं तवाच नव्हती. पानं गेलेली असली तर अब्बा तितकं कोरं कागद घालायचा. न्हायतर शिवण धरत न्हाय, पुस्तक पोटात बसतंय."

"पण तू वाचलंस."

"वाचलं की."

"पानं उलटलीस. मी पाहिलं."

"न्हाय उलटली तर तुला कळलं नसतं व्हय, संपलं म्हणून? मग तू भोकाड पसरणार. तू लय रडकी हुतीस. आन् रडाय लागलीस की ढवळायची थांबायचीस. खळीत गाठी झाल्या की अब्बा कुणाला बडवायचा? मला!"

मी पुस्तक परत माझ्याकडे ओढलं. खाली माग चालू होते.

"जुलेखा, साहेब लाँचमधून आला. त्याने विचारलं, इथला राखणदार कोण? आणि ती म्हणाली, मीच. सही कुठं करायची?"

"कोण म्हणली?"

"दुर्गी. तू! तू म्हणालीस!"

ती विचार करायला लागली. तोंडातली सुपारी गालात सरकवून खूप विचार केला. "न्हाय बाई आठवत," म्हणाली. "पर झ्याक हाय की गं. खरंच मी म्हणलो? आन् ह्यो कुठला साहेब? कशाला आलता?"

मग मी तिला सांगितलं. पहिल्यापासून. खडक, ताप, वादळ, जिना, काडीपेटी. ती गुडघ्याला हातांचा विळखा घालून ऐकत होती, आणि चहावर साय धरली. काडी वाऱ्याने विझली तिथे "आँ!" म्हणाली. दुसरी काडी पेटली तिथे मांडीवर थाप मारली. मी तिचीच गोष्ट तिला सांगत होते आणि ती मला विचारत होती, "मग? फुडं?"

निघताना एक विचारायचं राहिलं होतं, ते जिन्यात विचारलं. "बाकीच्या पुस्तकांत पण तू असं केलंस?"

"नंदे, धड पुस्तक बायंडिंगला कधी येतंय काय?"

५ फेब्रुवारी, बुधवार

लहानपणी आवडलेली पुस्तकं एकेक करून आठवत बसले. वाघाच्या पोटातून बोलणारा न्हावी. विहिरीतली शाळा. चांभाराची पोर राजाला जोडे घालायला वाकायला लावते ती गोष्ट. यातलं छापलेलं किती आणि खळीच्या पातेल्यापलीकडून आलेलं किती?

आधी राग आला. तो काढायला माणूस मिळेना. हंबीररावांवर काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे बिन-बॉलचा गोल मारला की जुलेखानं. आन् तुमी सत्तरीला आलासा तरी टाळ्या वाजवताय."

नवरा कधी कधी बरोबर बोलतो. हे त्यांना सांगणार नाही.

ती दहा वर्षांची होती. समोर पांढरा कागद, हातात पुस्तक, आणि आत बापाच्या माराची भीती. त्या अवस्थेत तिने न अडखळता, योग्य ठिकाणी थांबत, पान उलटत एका मुलीला दिव्यापाशी नेऊन उभं केलं आणि सही मागायला लावली. पुस्तक लिहिणाऱ्या शहाण्या माणसाकडे शाई होती, छापखाना होता, सवड होती. त्याला मामेभाऊ सुचला.

मी आयुष्यभर पुस्तकांची पारख करते म्हणून मिरवते. जिच्या कामाने ती पारख घडली तिने ते काम रात्रीच्या जेवणापर्यंत लक्षातही ठेवलं नाही. अशा माणसापुढे काय करायचं असतं ते सिस्टरनी शिकवलं नव्हतं. मी सकाळी तिला फोन केला आणि म्हटलं, शनिवारी ये. ती म्हणाली, "येतो की. बिर्याणी खाऊनच जाईन."

८ फेब्रुवारी, शनिवार

फरहीनला मी आधीच कळवलं होतं, आणि तिने गल्लीत सांगून ठेवलं होतं की कोरं पुस्तक वाचणारी आज्जी येणार. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आया, एक आजोबा, तालमीतली मोठी पोरं खिडकीत. हंबीरराव मॅच सोडून आले होते, म्हणजे मॅच उद्या होती.

मी काडीपेटीपर्यंत वाचलं आणि पुस्तक जुलेखाकडे दिलं. तिने पदर नीट केला, भिंतीला टेकली, पुस्तक तोंडापुढे धरलं. अगदी तसंच. माझ्या हाताला आपोआप पळी शोधावीशी वाटली.

आणि ती वाचायला लागली.

चारच वाक्यं झाली असतील. तोहिद हळूच तिच्या खांद्यापाशी सरकला आणि किंचाळला, "आज्जी! हितं तर कायच न्हाय!"

"तुला दिसंना व्हय?" पानावरून नजर न काढता जुलेखा म्हणाली. "चष्मा लाव. सरक, उजेड आडवतोयस."

खोली फुटली हसण्याने. पण कुणी उठलं नाही. उलट सगळी सरकत सरकत तिच्या दोन्ही बाजूंना गेली, आणि त्या पांढऱ्या पानात डोकी घालून ऐकायला लागली. पान संपलं की फरहीन सांगायची, "आता उलटा."

पण गोष्ट वेगळीच निघाली! दुर्गी आता काडीपेटी भिजली म्हणून बापाच्या विडीने दिवा लावते. साहेब येतो तो समुद्रात बुडता बुडता, आणि दुर्गी त्याला दोर टाकते. मला राहवेना. मी मधेच म्हटलं, "जुलेखा, असं नव्हतं! साहेब सकाळी येतो!"

"मग तू वाच!" तिने पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं.

मी कोऱ्या पानाकडे बघितलं. आयुष्यात मी न छापलेला एक शब्द मोठ्याने वाचलेला नाही. मी म्हटलं, "नको. तूच वाच. तुझं बरोबर आहे."

"ऐका! आज लिवून ठिवा कुणीतरी!" हंबीरराव मागून ओरडले.

दोर धरून साहेब वर आला, निथळत. त्याने विचारलं, "इथला राखणदार कोण?"

जुलेखा थांबली. तिला वाक्य आठवेना. माझ्याकडे बघितलं. मी ओठ उघडायच्या आत फरहीन उभी राहिली आणि म्हणाली, "मीच हाय. बोला, काय काम काढलंय?"

आमच्यापेक्षा हे चांगलं झालं. मी मान्य करते.

उदयसिंह दारात होता. मोबाईल हातात होता, पण फोटो काढलेला मी पाहिला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कार्यकारिणीची बैठक झाली. मला बाहेर बसवलं होतं. मग आत बोलावलं.

आठवडाभर अभ्यासिका, शनिवार-रविवार मुलं. कपाट आज आत येणार. हा अर्धाच विजय आहे आणि मी तसं तोंडावर सांगितलं. उदयसिंह म्हणाला, "काकू, ती अभ्यास करणारी पोरं पण पेठेचीच हायत." यावर मी पंख्यावरच्या धुळीबद्दल बोलले.

"एक हाय," तो म्हणाला. "खोलीची जबाबदारी कुणीतरी लेखी घ्याय पायजे. पुस्तकं, किल्ली, पोरं, सगळी. कोण घेणार?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासरची माणसं बघत होती तसे.

"मीच," मी म्हटलं. "सही कुठं करायची?"

हे वाक्य मी किती ठिकाणी वापरलं, पण ते कुणाचं आहे हे ठाऊक असताना म्हणायची ही पहिलीच वेळ. आवाजसुद्धा जुलेखाचाच निघाला. अनुजाने तोंडाला रुमाल लावला.

सही झाल्यावर तिने विचारलं, झेरॉक्सची पानं 'दुर्गी'त चिकटवायची का? मी म्हटलं, पाकिटात घालून कपाटात ठेव. ज्याला माफी मागणारी मुलगी हवी असेल त्याने मागून घ्यावं. कुतुबुद्दीनचाचांचे कागद कोरेच राहतील.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जुलेखा आली नाही. रमजानच्या आधीची घरातली साफसफाई, म्हणाली. "तुझं तू बघ की. एवढी शिकलीस ती कशाला?"

आज विहिरीतल्या शाळेचं पुस्तक काढलं. निळा कणा. मुलं आपापल्या जागा धरून बसली होती, आता त्यांच्या जागा ठरल्या आहेत. तोहिद चेंडूवरच बसतो. हेडमास्तर बेडूक हजेरी घेतो, पहिलं नाव, दुसरं नाव, आणि तिसरं नाव घेतल्यावर विहिरीच्या तळातून कुणीतरी "हजर" म्हणतं. मी पान उलटलं.

कोरं. पुस्तकाच्या ऐन मधोमध, चांगली आठ पानं.

मुलांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. फरहीन उठून माझ्या मागे यायला लागली. तोहिदने तिला फ्रॉकला धरून खाली बसवलं. म्हणाला, "गप बस. वाचत्यात त्या."

हंबीरराव दारात उभे होते. ते चपला काढून आत येऊन बसले.

मी चष्मा नीट केला. ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं. तळातून कोण म्हणालं "हजर"? जुलेखाने काय सांगितलं होतं ते मला खरंच आठवत नव्हतं. डोक्यात तो जुना, कर्ण्यासारखा आवाज येईल म्हणून थोडं थांबले. तो आला नाही. मग माझाच आवाज ऐकू आला, जरा चिरका, जरा शाळेतल्यासारखा ताठ, आणि मी वाचत राहिले.

पान उलटायला मात्र विसरले नाही.